नांगर थांबला की ओल टिकते

मंडळी, आपल्याकडे कोकणात पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर, कुठे त्याहून जास्तच, आणि तरी भात कापून महिना-दीड महिना झाला की खाचराला भेगा पडतात, कुळीथ-वाल माना टाकतात. याचं एक मोठं कारण आपली चिखलणी, म्हणजे लावणीआधी खाचरात पाणी धरून नांगराने चिखल करणं, आहे असं मी ठामपणे म्हणतो. चिखल करताना आपण मातीची रवाळ बांधणी मोडतो, आतल्या पोकळ्या बुजवतो, आणि खाली वीतभर खोलीवर घट्ट थर बसतो. भाताला उभं पाणी मिळतं म्हणून चिखल बरा वाटतो, पण नंतरच्या पिकाची मुळं तिथंच अडतात, खालची ओल त्यांना मिळतच नाही.

नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी एसआरटी, म्हणजे सगुणा राइस तंत्र ही भात घेण्याची पद्धत, बसवलं, त्यात एकदा गादीवाफे केले की मग नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीसुद्धा नाही, साच्याने खुणा करून बी टोकायचं आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. मजुरी वाचते ते लोकांना पटकन दिसतं, पण मला मोलाची वाटतात ती मुळं. ती जागच्या जागी कुजतात, तिथं बारीक नळ्या उरतात, गांडुळं आणखी वाटा करतात आणि पाणी बांधावरून वाहून जायच्या ऐवजी खाली मुरतं, नांगर फिरला की हे सगळं एका सकाळीत मोडतं.

अमेरिकेत ओहायोमध्ये वूस्टरला 1962 पासून बिननांगरणीचे प्लॉट चालू आहेत. असे वर्षानुवर्षांचे प्रयोग सांगतात की सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या मुळा-पाल्यातून मातीत राहिलेला कार्बन, वाढतो तो मुख्यतः वरच्या चार बोटांत, खाली फारसा नाही, कधी तर घटतोही, त्यामुळे कोणी मोठमोठे आकडे सांगितले तर लगेच मान डोलावू नका. पण ओलीसाठी ती चार बोटंच कामाची, पावसाचा मार तिथंच बसतो, पपडी तिथंच धरते. आणि निचरा नसलेल्या चिकण जमिनीत पहिली काही वर्षं उत्पन्न मागे पडू शकतं, म्हणून मळ्याच्या तळातल्या खाचरापासून सुरुवात नको.

दुसरं, आपली जांभ्याची माती आधीच आंबट, त्यात युरिया दरवर्षी वरच्यावर पडत राहिला आणि माती उलटली नाही तर वरचा थर अजून आंबट होतो, तेव्हा माती तपासून चुना टाका. नांगर नाही म्हणून तणासाठी तणनाशक मारायचं का विचाराल तर विहिरीच्या, पऱ्याच्या (ओढ्याच्या) कडेला मी ते मारू देणार नाही, तिथं हातानेच बेणा, जड जाईल, पण पाणी आपणच पितो.

आणि गुरं! कापणी झाली की ती मोकाट सुटतात, धसकटं खातात, ओली जमीन तुडवून परत घट्ट करतात, एकट्याच्या कुंपणाने हे थांबत नाही, वाडीच्या बैठकीत गुरं कधी आणि कुठे सोडायची ते पेरणीआधीच ठरवून घ्या.