चिप तुटणार की लोंबणार, आधीच कसं ओळखायचं?

हे बघा. लेथवर धातू कापताना निघणाऱ्या पट्ट्या, म्हणजे चिप्स. या दोन्ही एकाच बारमधून निघाल्यात. टूल तेच, स्पीड तोच. ही लांबलचक, नुसता गुंताडा झालेली. आणि ही नऊच्या आकड्यासारखी, सुटी. बदललं फक्त फीड, म्हणजे बारच्या एका फेऱ्यात टूल पुढे सरकतं ते अंतर.

आपण म्हणतो टूल धातू कापतं. पण ते धातूला रेटतं, आणि टूलच्या टोकापासून तिरक्या वर जाणाऱ्या अरुंद पट्ट्यात धातू थरावर थर घसरतो. पत्त्यांचा कॅट तिरका सरकवावा ना, तसा. हे शिअर प्लेन.

त्याचा कोन मायक्रोमीटरने सापडतो. समजा टूल जॉबला (कापायच्या बारला) काटकोनात, फीड ०.२ मिमी आणि चिपची जाडी भरली ०.५. गुणोत्तर ०.४. रेक अँगल, म्हणजे टूलच्या ज्या बाजूवरून चिप सरकते तिचा तिरकेपणा, शून्य असेल तर हाच त्या कोनाचा टॅन्जंट, म्हणजे जवळपास २२ अंश. अर्नस्ट आणि मर्चंट या संशोधकांनी १९४१ मध्ये हा कोन चिप न मोजताच काढायचं सूत्र दिलं. सूत्र देखणं आहे, पण प्रत्यक्षात बऱ्याचदा जुळत नाही. मी मोजलेल्या चिपवरच विसंबतो.

आता तुटणं. चिप गोल वळत जाते, तिचं मोकळं टोक जॉबवर किंवा टूलवर आपटतं आणि वळी जबरदस्तीने उघडायला लागते. आतली बाजू ताणली जाते. किती? जाडीच्या निम्मे गुणिले वक्रतेतला (१ भागिले त्रिज्या) फरक. ०.५ मिमी जाडीची चिप ३ मिमी त्रिज्येवरून ६ वर उघडली, तर ताण-विकृती साधारण ४ टक्के. तीच चिप ०.२ जाडीची असती तर जेमतेम १.७. धातूची सहनशक्ती या आकड्याखाली असेल तर तुकडा पडतो, नाहीतर चिप लोंबत राहते. चिपब्रेकरची, म्हणजे चिप वळवायला टूलवर केलेली, खाच वळी आणखी घट्ट करते, म्हणून उघडताना फरक मोठा पडतो.

बिडाला यातलं काहीच लागत नाही. ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे त्याचा तिथल्या तिथे चुरा होतो. टायटॅनियममध्ये उष्णता वाहून जात नाही, धातू एका पट्टीत मऊ पडून घसरतो आणि चिपला करवतीसारखे दाते येतात. दाते दिसले म्हणून ती तुटेलच असं मात्र नाही.

खरी डोकेदुखी फिनिशिंगला, म्हणजे शेवटच्या बारीक कटला. फीड इतकं कमी की रफिंगच्या (सुरुवातीच्या जाड कटच्या) इन्सर्टवर, म्हणजे टूलच्या बदलत्या पात्यावर, चिप खाचेपर्यंत पोचतच नाही. तिथे फिनिशिंगसाठीचं बारीक खाचेचं इन्सर्ट लावा. पहिल्या कटनंतर मशीन थांबवा, चिप आकड्याने काढा, हाताने कधीच नाही, आणि तिची जाडी मोजा.