मैफलीतली संगत वेगळी कशी करायची

मंडळी, आपल्या महाराज बाड्याच्या चौकात संध्याकाळी टेम्पो, फेरीवाले, हॉर्न सगळं एकदम चालू असतं तरी शेजारी उभा असलेला माणूस काय बोलतोय ते आपल्याला कळतं. कान आणि मेंदू हे कसं जमवतात यावर कॉलिन चेरीने १९५३ मध्ये प्रयोग केले, कॉकटेल पार्टी प्रॉब्लेम हे नाव तेव्हापासूनचं. पण आज मी गर्दीबद्दल थोडंच बोलणार आहे आणि मैफलीच्या रेकॉर्डिंगमधून गायकाचा आणि प्रत्येक वाद्याचा आवाज कॉम्प्युटरने वेगळा कसा काढायचा याबद्दल जास्त, कारण आपण ग्वाल्हेरात बसलोय आणि मैफल हा गर्दीपेक्षा कितीतरी अवघड प्रश्न आहे.

आधी साधी गोष्ट बघू. दोन माइक २० सेंटिमीटर अंतरावर ठेवले आणि आवाज अगदी बाजूने आला तर दुसऱ्या माइकला तो साधारण ०.५८ मिलिसेकंद उशिरा मिळतो, सेकंदाला १६,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाची मोजमापं, घेत असाल तर जेमतेम नऊ सॅम्पलचा फरक. एवढ्यावरून दिशा कळते. पहिल्या महायुद्धात लॉरेन्स ब्रॅग यांच्या तुकडीने याच फरकावरून शत्रूच्या तोफा कुठे आहेत ते शोधलं होतं. मग प्रत्येक माइकचं रेकॉर्डिंग तेवढं मागेपुढे सरकवून बेरीज केली की हव्या त्या दिशेचा आवाज जुळून मोठा होतो आणि बाकीचे विस्कटतात. आणि हो, आपल्या गावात तापमान विसरून चालत नाही बरं का, मे महिन्यात ४५ डिग्रीला ध्वनीचा वेग सेकंदाला ३५७ मीटरच्या आसपास असतो आणि डिसेंबरात तानसेन समारोहाच्या रात्री ८ डिग्रीला तोच ३३६, म्हणजे उन्हाळ्यात बसवलेला हिशोब हिवाळ्यात चुकतो.

मघाशी एकांनी विचारलं की मोबाइलमध्येही दोन-तीन माइक असतात, मग त्यानेच का नाही होत? काळी एकचा सा घ्या, साधारण १३९ हर्ट्झ, त्याची तरंगलांबी जवळजवळ अडीच मीटर. एवढ्या लांब लाटेला हाताएवढ्या फोनचे दोन कोपरे सारखेच वाटतात. खर्ज तर त्याच्या दुप्पट लांब. म्हणून मैफलीसाठी माइक स्टेजभर पसरून ठेवावे लागतात.

आता गणित. दोन माइक, दोन आवाज म्हणजे शाळेतली दोन समीकरणं, फक्त गुणांकच, म्हणजे कोणता आवाज कोणत्या माइकमध्ये किती आला तेच, माहीत नाहीत. इथे पिअर कॉमन यांचा १९९४ चा पेपर आणि पुढच्याच वर्षीचं बेल आणि सेज्नोव्स्की यांचं काम कामी येतं. एकमेकांशी संबंध नसलेले आवाज मिसळले की मिश्रणात कोणती मूल्यं किती वेळा येतात त्याचा आलेख घंटेच्या आकाराकडे झुकतो, तर उलट जायचं, आउटपुट घंटेपासून जास्तीत जास्त लांब जाईल असे गुणांक शोधायचे. मला हे फार सुंदर वाटतं, आवाज कोणाचा, कुठून आला, काहीच न सांगता तो बाहेर येतो! अर्थात हॉलमध्ये भिंतींवरून आवाज पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे हे एकेका फ्रीक्वेन्सीपट्टीत वेगळं करावं लागतं आणि मग गायकाच्या खालच्या पट्ट्या तबल्याच्या वरच्या पट्ट्यांना जोडल्या जातात, असा घोळ होतो. २००६ च्या सुमारास यावर उपाय निघाला, एका आवाजाच्या सगळ्या पट्ट्या एकत्रच वरखाली होतात असं धरून त्या एका गठ्ठ्यात सोडवायच्या.

पण हे सगळं उभं आहे ते आवाजांचा एकमेकांशी संबंध नाही या गृहीतकावर, आणि आपल्याकडे तर संगत म्हणजेच संबंध! पेटी गायकाच्या मागोमाग तेच स्वर घेते, समेवर सगळे एकत्र येतात, तानपुरा त्याच सा वर, आणि तबल्याचा दायाँसुद्धा त्याच सा ला मिळवलेला. शाईमुळे आपल्या तालवाद्यांचे वरचे स्वर साध्या पटीत येतात हे रामन यांनी १९२० मध्येच दाखवलं होतं, म्हणजे तबल्याचे स्वर नेमके गायकाच्या स्वरांवर जाऊन बसतात. कलाकार जितके मुरलेले तितकं गणित जास्त फसतं. मग कॉम्प्युटरच्या हाती विश्वासाचं एकच उरतं, कोण कुठे बसलंय.

म्हणून ज्यांच्याकडे घरच्या बैठकी होतात त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. सगळे माइक एकाच मशीनला जोडा, वेगवेगळे फोन ठेवले तर त्यांची घड्याळं हळूहळू सरकतात. ट्रॅक वेगवेगळे जपा, मिक्स करून एकच फाइल ठेवलीत तर जागेची माहिती गेली आणि ती नीटशी परत मिळत नाही. अंतरं टेपने मोजून, तापमानासकट लिहून ठेवा. आणि साज मिळवताना आपण रेकॉर्डर बंद ठेवतो तो चालू करा, एकटा तानपुरा, हातोडीने मिळवताना एकटा तबला, पेटीचा एकच सूर, कारण एकेका वाद्याचा आवाज प्रत्येक माइकपर्यंत कसा पोचतो ते तेवढ्याच मिनिटांत स्वच्छ मोजता येतं.