पोफळीचा इलेक्ट्रॉन चिपळूणला जात नाही

(दृश्य : सह्याद्रीच्या पोटातलं वीजगृह, फिरणारं जनित्र)

कोयनेचं पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून इथं, पोफळीला उतरतं आणि टर्बाइन फिरवतं. तयार झालेली वीज तारांवरून गावोगाव जाते. पण या जनित्रातले इलेक्ट्रॉन कुणाच्या घरी जातात, असं समजायचं कारण नाही.

इलेक्ट्रॉन तारेत आधीपासूनच असतात. तांब्याच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारण 85 अब्ज अब्ज मोकळे इलेक्ट्रॉन! बटण बंद असतानाही ते सेकंदाला हजार-दीड हजार किलोमीटर वेगानं सैरावैरा धावत असतात. मात्र सगळ्या दिशांना, त्यामुळे एकूण प्रवाह शून्य.

(दृश्य : टॉर्चचा सेल, तार, पेटणारा बल्ब)

सर्किट जोडलं की तारेत विद्युतक्षेत्र तयार होतं आणि ही सगळी गर्दी एका बाजूला किंचित सरकू लागते. किती किंचित? एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर एक मीटर अंतर जायला पावणेचार तास! तरी बल्ब लगेच पेटतो. नळी पाण्यानं भरलेली असली की तोटी सोडताच दुसऱ्या टोकाला धार लागते, तसंच हे. विद्युतक्षेत्राचा धक्का जवळपास प्रकाशाच्या वेगानं पुढं जातो आणि बल्बमधले इलेक्ट्रॉन जागच्या जागी हलू लागतात.

(पुस्तकातला प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण धनाकडून ऋणाकडे जातो, इलेक्ट्रॉन उलट. धन-ऋण ही नावं अठराव्या शतकात अमेरिकी शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिननं रूढ केली, इलेक्ट्रॉन सापडला 1897 मध्ये. तोवर बाण रुळला होता, तो बदलायची कुणाची तयारी नव्हती.)

घरातल्या विजेत तर तेवढंही सरकणं नाही. प्रवाहाची दिशा सेकंदाला शंभर वेळा उलटते. एरवीच्या धावपळीवर भर पडते ती फक्त मागं-पुढं हेलकाव्याची, तोही मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी.

(दृश्य : गावाबाहेरची डीपी)

आणि वाटेत ही डीपी, म्हणजे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर). रोहित्राच्या आत तारेची दोन वेगळी वेटोळी असतात, एकमेकांना न जोडलेली. पहिल्यातला प्रवाह सतत बदलतो, त्यानं लोखंडी गाभ्यातलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि ते दुसऱ्यातल्या इलेक्ट्रॉनांना ढकलतं. पलीकडे जाते ती ऊर्जा. मीटरही तीच मोजतो : एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. इलेक्ट्रॉन खर्च होत नाहीत. पंख्यात एका तारेनं जेवढे शिरतात, तेवढेच दुसरीनं बाहेर पडतात.