जी तारीख उच्चारायचीही चोरी होती

नमस्कार मंडळी! २७ फेब्रुवारी १९४७. तैवानची राजधानी तैपेई, संध्याकाळची वेळ. रस्त्याच्या कडेला एक विधवा बाई ब्लॅकच्या सिगारेटी विकतेय. तंबाखूची मक्तेदारी सरकारची, म्हणून हा धंदा बेकायदा. तपासनीस येतात, माल उचलतात, वर तिचे पैसेही घेतात. ती गयावया करते, तर पिस्तुलाचा दस्ता थेट डोक्यात. लोक चिडतात. पळता पळता एक तपासनीस गोळी झाडतो, आणि भलताच माणूस जातो.

दुसऱ्या दिवशी अख्खं शहर रस्त्यावर. अर्थात, भडका नुसत्या सिगारेटींचा नव्हता. ५० वर्षांचं जपानी राज्य संपून १९४५ मध्ये चीनचं सरकार आलं, आणि मागोमाग महागाई अन् लाचखोरी. मार्चमध्ये चीनमधून फौज उतरली. माणसं किती मारली? १९९२ च्या सरकारी अहवालाचा अंदाज १८ ते २८ हजार.

आणि मग चिडीचूप. १९४९ पासून ३८ वर्षं मार्शल लॉ. तिकडे या घटनेला नुसतं 'दोन-दोन-आठ' म्हणतात, म्हणजे दुसऱ्या महिन्याची २८ तारीख. पण तेवढं म्हणायचीसुद्धा चोरी!

माझं मन अडकतं ते चेंग नान-जुंगपाशी. जन्म १९४७ चाच. वडील चीनमधून आलेले, म्हणजे तैवानींच्या लेखी 'बाहेरचे'. तरी १९८७ मध्ये, मार्शल लॉ उठायच्या आधीच, हा मित्रांना घेऊन रस्त्यावर उतरला: २८ फेब्रुवारी शांतता दिन करा, खरं काय ते सांगा. बघा, मोर्चा कशासाठी, तर आम्हाला आठवण काढू द्या! पुढे स्वतःच्या साप्ताहिकात स्वतंत्र तैवानच्या राज्यघटनेचा मसुदा छापला, म्हणून राजद्रोहाचा आरोप. ७१ दिवस तो ऑफिसातच कोंडून घेऊन राहिला. ७ एप्रिल १९८९ ला पोलीस आत घुसू लागले, तेव्हा त्यानं स्वतःला पेटवून घेतलं. ती जळकी खोली अजून तशीच ठेवलीय. आता तिथे संग्रहालय आहे.

१९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ली तेंग-हुई यांनी माफी मागितली. १९९७ पासून २८ फेब्रुवारीला सुट्टी असते.

ज्याच्या राजवटीत हे घडलं, त्या चँग कै-शेकचं भलंमोठं स्मारक मात्र तैपेईत भर वस्तीत आहे. १९९० मध्ये लोकशाही मागणाऱ्या विद्यार्थ्यांनी त्याच्याच पटांगणात ठाण मांडलं होतं. जुलै २०२४ मध्ये पुतळ्यासमोरचा सैनिकांचा पहारा बाहेर हलवला. पुतळा आत तसाच बसलाय. हसतमुख.