नदीचा येवा आणि पत्त्यांचा कॅट

नमस्कार, श्रोतेहो. धरण बांधण्याआधी दोन आकडे हवेत. नदीला पाणी येणार किती, तो येवा. आणि लोकांना लागणार किती, ती मागणी. येव्याची सरासरी काढली की भागलं, असं अनेकांना वाटतं. सरासरीनं भागत नाही!

हॅरल्ड हर्स्ट हे इंग्रज अभ्यासक १९०६ साली इजिप्तला गेले आणि जन्मभर नाईलचेच झाले. सलग दुष्काळ निभावायला केवढा साठा लागेल, हा त्यांचा प्रश्न. हाताशी कैरोच्या रोडा बेटावरच्या, नाईलच्या पाणीपातळीच्या इ.स. ६२२ पासूनच्या नोंदी. दर वर्षाचं पाणी स्वतंत्र मानलं, तर चौपट मुदतीला दुप्पट साठा पुरायला हवा. नोंदी मागत होत्या जवळपास पावणेतीनपट.

मग हर्स्ट यांनी पत्त्यांचा कॅट घेतला. पानांवर उणे ७ ते अधिक ७ असे आकडे घातले. नुसतं पिसून पानं काढली, तर जुनंच गणित आलं. म्हणून त्यांनी डाव बदलला. एक पान काढायचं. समजा, अधिक ३ निघालं. मग दोन हात वाटून एका हातात दुसऱ्यातली तीन मोठी पानं घालायची, त्यातली तीन लहान काढायची आणि वर एक जोकर. त्याच हातातून पानं काढत राहायचं. जोकर आला की सगळं पिसून नवा डाव! जोकर येईपर्यंत माप एकाच बाजूला झुकलेलं. आणि काय सांगू, आकडे नाईलसारखे वागू लागले! १९५१ साली त्यांचा निबंध आला. पत्त्यांना वाईट नाद म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही. संभाव्यता शिकवायला वर्गात कॅट हवाच.

तर पुन्हा सांगतो, सरासरी नव्हे, वर्षांचा क्रम बघा. दुष्काळी वर्षं एकामागून एक येतात.

आता मागणी. पिणं, शेती, कारखाने सगळे धरतात. उन्हानं उडणारं पाणी विसरतात. १९५९ च्या इजिप्त-सुदान करारात येवा धरला वर्षाला ८४ अब्ज घनमीटर. इजिप्तला ५५.५, सुदानला १८.५, आणि बाष्पीभवनासारख्या घटीला तब्बल १०. बेरीज करा, ८४ संपले. ज्या इथिओपियातून बहुतेक पाणी येतं, त्याच्या वाट्याला त्या हिशेबात थेंबही नाही. मागणीचा तक्ता मांडताना वरच्या अंगाच्या लोकांचा रकाना पहिल्याच दिवशी आखायला हवा.