सारखाच आकडा, वेगवेगळी चित्रे

पडद्यावर एकाच होडीच्या छायाचित्राच्या काही प्रती दिसत आहेत. एक धूसर झाली आहे, एकीवर काळे-पांढरे ठिपके विखुरले आहेत, एकीचे जेपेग कॉम्प्रेशन इतके कठोर आहे की त्यातले चौकोन उघडे पडले आहेत, तर एकीचा फक्त उजळपणा थोडा वाढला आहे. या प्रती डोळ्यांना सारख्या वाटत नाहीत; मात्र मूळ छायाचित्राशी ताडून काढलेली सरासरी वर्ग-त्रुटी, म्हणजे प्रत्येक पिक्सेलमधील फरकाच्या वर्गांची सरासरी, सर्वांची जवळजवळ एकच आहे. वांग, बोविक, शेख आणि सिमॉन्सेली यांनी २००४ साली ‘आयट्रिपलई ट्रान्झॅक्शन्स ऑन इमेज प्रोसेसिंग’ या नियतकालिकात अशाच चित्रांच्या आधारे ही विसंगती मांडली आणि प्रतिमेतील रचना किती शाबूत राहिली हे मोजणारा एसएसआयएम हा निर्देशांक सुचवला.

हा शोधनिबंध आज इमेज प्रोसेसिंगच्या शाखेतील सर्वाधिक उद्धृत, म्हणजे इतर निबंधांनी संदर्भ म्हणून सर्वाधिक वेळा नोंदवलेल्या, निबंधांपैकी एक आहे. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. प्रतिमेतील नॉइज काढण्याची, धूसरपणा घालवण्याची किंवा कॉम्प्रेशनची नवी पद्धत मांडणाऱ्याला आपल्या निकालाची गुणवत्ता कोष्टकात दाखवावी लागते, त्या कोष्टकात एसएसआयएमचा रकाना असतो आणि त्या रकान्यासोबत २००४ च्या निबंधाचा संदर्भ येतो. म्हणजेच उद्धृत करणाऱ्यांपैकी अनेकजण मूळ कल्पना पुढे नेत नसून तिचे मोजमाप वापरत असतात. हे योगदान कमी प्रतीचे मुळीच नाही. उलट संपूर्ण शाखेला सामाईक मापदंड देणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. परंतु उद्धरणांच्या संख्येतून जे कळते ते वापराविषयी कळते.

याच्या उलट बाजूला १९७४ सालचा चार पानांचा एक निबंध आहे. नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी त्यात डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, म्हणजे प्रतिमेला कोसाइन लहरींच्या बेरजेत मांडणारे गणिती रूपांतर, मांडला. अहमद यांनी १९७२ मध्ये या कल्पनेसाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला होता, तो मिळाला नाही. कल्पना फारच सोपी आहे, अशा आशयाचा एका परीक्षकाचा शेरा होता, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. १९९२ साली जेपेगचे मानक मंजूर झाले. नेहमीच्या वापरातील जेपेग छायाचित्र साठवले जाताना आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकोनांत विभागले जाते आणि प्रत्येक चौकोनावर हेच रूपांतर चालवले जाते. या निबंधाला उद्धरणेही हजारोंनी मिळाली आहेत, पण छायाचित्र साठवणारा मोबाइल फोन काही संदर्भसूची लिहीत नाही. कल्पना इतकी अंगवळणी पडावी की तिचा उगम सांगण्याची गरजच कोणाला वाटू नये, या प्रकाराचे वर्णन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी करून ठेवले आहे.

उद्धरणांची सूची असावी, ही सूचना युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली केली. लेखाचे नंतर काय झाले, त्याच्यावर कोणी टीका केली, कोणी तो पुढे नेला, हे वाचकाला शोधता यावे हा त्यामागचा हेतू होता. संशोधकाचे मूल्यमापन हा त्या सूचीचा उपयोग नंतर वाढत गेला आणि २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी एच-इंडेक्स सुचवल्यावर तो एका संख्येपर्यंत येऊन ठेपला. ज्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस उद्धरणे आहेत आणि एकविसाव्या निबंधाला एकवीस नाहीत, त्याचा एच-इंडेक्स वीस. आयुष्यात पाचच निबंध लिहिलेल्या, पण प्रत्येकाला दहा हजार उद्धरणे मिळालेल्या संशोधकाचा मात्र पाचच राहतो. सरासरी वर्ग-त्रुटीप्रमाणेच ही संख्याही गणिताने अचूक आहे, आणि तिच्यातही रचना हरवते.

ती रचना पाहण्याचा मार्ग कष्टाचा आहे. उद्धृत करणारे निबंध उघडावे लागतात आणि आपला संदर्भ प्रस्तावनेतल्या लांबलचक यादीत आला आहे, पद्धतीच्या गाभ्यात आला आहे की निकालांच्या कोष्टकात, हे तपासावे लागते. संशोधन-मूल्यमापनाविषयीच्या सॅन फ्रान्सिस्को घोषणापत्राने शोधनिबंधांच्या बरोबरीने डेटासंच आणि सॉफ्टवेअर यांचाही विचार करण्याची शिफारस केली आहे. इमेज प्रोसेसिंगमध्ये ती विशेष लागू पडते, कारण चाचणीसाठी जमवलेला प्रतिमासंच किंवा खुला केलेला कोड अनेक प्रयोगशाळांत रोज चालत असतो आणि तरीही त्याच्या कर्त्याच्या एच-इंडेक्समध्ये त्याची अनेकदा काहीच भर पडलेली नसते.