काटा कधी पडतो? जुन्या, बदललेल्या गाडीतल्या फ्युएल प्रेशरचा तपास

मंडळी, थेट तक्रारीपासूनच सुरुवात करू. जुनी गाडी आहे, इंजिन वाढवलेलं आहे, कार्ब्युरेटर मोठे बसवलेत. आयडलिंग छान. सावकाश चालवली तर कुरकुर नाही. पण तिसऱ्या गिअरमध्ये पॅडल पूर्ण दाबलं की चार-पाच सेकंद झकास ओढते आणि मग मार खायला लागते, म्हणजे झटके देत ताकद सोडते. पाय उचलला, क्षणभर थांबलं, की पुन्हा ठीक.

यातले ते चार-पाच सेकंद फार बोलके आहेत. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोलचा छोटा साठा असतो. मागून भरणा कमी पडला तरी साठा संपेपर्यंत इंजिनला पत्ता लागत नाही. स्पार्क कमजोर असता तर पॅडल दाबल्याबरोबर मार बसला असता, कारण तेव्हाच सिलिंडरमधला दाब एकदम वाढतो. म्हणून मालकाला पहिला प्रश्न विचारायचा तो ‘मार खाते का’ हा नव्हे, ‘किती वेळाने खाते’ हा. इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत फ्लोट चेंबर नाही, तिथे प्रेशर पडलं की परिणाम लगेच दिसतो.

दुसरी गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण निम्मे घोळ तिथे होतात. पंप प्रेशर तयार करत नाही. पंप पेट्रोल ढकलतो, आणि पुढे वाट अडली की प्रेशर तयार होतं. आयडलिंगला इंजिन तासाला जेमतेम एक-दोन लिटर पेट्रोल पितं, त्यामुळे मरायला टेकलेला पंपही तेव्हा गेजवर (प्रेशर दाखवणाऱ्या काट्याच्या मीटरवर) उत्तम आकडा दाखवतो. बॉनेट उघडून, गाडी उभी ठेवून घेतलेल्या रीडिंगवर ‘पंप चांगला आहे’ असा शेरा मारू नका.

आकडा किती असावा? एसयू, वेबर, होली या कार्ब्युरेटरच्या बनावटी. एसयू कार्ब्युरेटरला साधारण दीड ते तीन पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) पुरतं. वेबर डीसीओईला अडीच ते साडेतीन. होलीच्या चार बॅरलवाल्यांना पाच ते सात. इंजेक्शनला बहुतेक वेळा ४३, काही नव्या इंजिनांना ५८. बदललेल्या गाडीत पंप एका कुळातला आणि कार्ब्युरेटर दुसऱ्या कुळातला असतो. सात पीएसआयचा पंप रेग्युलेटरशिवाय, म्हणजे प्रेशर आवरणाऱ्या झडपेशिवाय, वेबरला जोडला, तर चेंबरमधला तरंगता फ्लोट निडलला, म्हणजे पेट्रोलचं तोंड बंद करणाऱ्या सुईला, दाबून धरू शकत नाही. पेट्रोल निडल ढकलून आत येतं, चेंबर ओसंडतो, प्लग काळे होतात. मग कोणीतरी फ्लोटची उंची बदलतो, कोणी जेट (पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) लहान करतो, आणि दोन चुका एकमेकींना झाकू लागतात. प्रेशर बरोबर असल्याची खात्री होईपर्यंत जेटला हात लावायचा नाही.

आता गेज. तो रेग्युलेटरच्या पुढे, कार्ब्युरेटरच्या अगदी जवळ, टी (तीन तोंडांचा जोड) टाकून बसवा. कार्ब्युरेटरसाठी ० ते १५ पीएसआयचा गेज घ्या. शंभरच्या गेजवर तीन आणि पाच यांतला फरक दिसतच नाही. द्रव भरलेला गेज थरथरत नाही म्हणून लोकांना आवडतो, पण इंजिनच्या उष्णतेने त्यातला द्रव आणि हवा फुगते, डबीत दाब साठतो आणि काटा खऱ्यापेक्षा खाली दिसतो. गाडी थंड असताना पाच आणि तापल्यावर तीन दिसलं, तर पंपाला शिव्या घालण्याआधी गेजचं रबरी बूच क्षणभर उचलून बघा. काटा वर आला, तर दोषी गेज. मेकॅनिकल पंपावर साध्या गेजचा काटा थोडा थरथरतो, ते पंपाचे ठोके आहेत, बिघाड नव्हे.

चाचणी रस्त्यावर, पण मोकळ्या आणि सुरक्षित जागी. लांब पाइप लावून गेज समोरच्या काचेवर बाहेरून चिकटवा. जिवंत पेट्रोलचा पाइप केबिनमध्ये आणायचा नाही. आतच रीडिंग हवं असेल तर इलेक्ट्रिक सेन्सर लावा. वरच्या गिअरमध्ये पूर्ण पॅडलवर ओढा आणि शेजारच्याला फक्त काटा बघायला सांगा. काटा हळूहळू उतरत गेला आणि मग मार बसला, तर भरणा कमी. काटा तसूभरही न हलता मार बसला, तर फ्युएल लाइन सोडा. मग दोष कार्ब्युरेटरच्या आत आहे, नाहीतर इग्निशनमध्ये.

काटा उतरत असेल तर पुढची पायरी मापाची. कार्ब्युरेटरजवळचा पाइप काढून मापाच्या डब्यात सोडा, अग्निशामक हाताशी ठेवा, इंजिन थंड असू द्या, ठिणगी पडेल असं काही जवळ नको. ३० सेकंदांत अर्धा लिटर आलं की पंप पास, असा जुना ठोकताळा आहे. हा ठोकताळा कशासाठी होता ते बघा. पूर्ण ताकदीवर पेट्रोल इंजिन दर हॉर्सपॉवरमागे ताशी साधारण ०.३ लिटर पेट्रोल घेतं. म्हणजे २०० हॉर्सपॉवरला ताशी ६० लिटर, मिनिटाला एक लिटर. ३० सेकंदांत अर्धा लिटर म्हणजे २०० हॉर्सपॉवरची बरोबर काठावरची गरज, आणि तीही पाइप मोकळा असताना मोजलेली. पुढे निडल आणि रेग्युलेटरची अडवणूक आली की भरणा आणखी घटतो. मूळच्या ८० हॉर्सपॉवरला हा पंप भरपूर होता. इंजिन वाढवताना त्याला कोणी विचारलंच नाही. टर्बो बसवला असेल तर हॉर्सपॉवरमागची गरज आणखी वाढते.

माप कमी आलं म्हणून लगेच नवा पंप आणू नका. पंपाच्या मागची बाजू, म्हणजे टाकीकडची, आधी तपासा. माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे, कारण त्या बाजूला दोष दिसत नाही. पंप तिथे ओढत असतो. फाटलेला रबरी पाइप पेट्रोल गाळत नाही, हवा आत घेतो. पंपाच्या अलीकडे तात्पुरता पारदर्शक पाइपचा तुकडा टाका, पेट्रोलला टिकणारा. सुरुवातीला चार बुडबुडे येतील, ते सोडा. पण इंजिन जोरात फिरताना बुडबुड्यांची माळ सुरूच राहिली, तर कुठेतरी हवा शिरतेय. पाइप आत चपटा होताना दिसला, तर अडथळा टाकीकडे आहे: गंजाने भरलेली जाळी, तुंबलेला फिल्टर किंवा टाकीत हवा आत घेणारा, पण बंद झालेला श्वासमार्ग (व्हेंट). श्वासमार्गाची परीक्षा सोपी. गाडी मार खायला लागली की थांबून टाकीचं झाकण उघडा. ‘सूं’ करून हवा आत गेली आणि गाडी पुन्हा पळाली, तर व्हेंट तुंबलाय. सगळीच शंका असेल, तर पंपाला टाकीऐवजी वेगळ्या कॅनमधून पेट्रोल द्या. तपास अर्ध्यावर येतो.

इथेच रबराचं एक सांगतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला आतून सोलतं. बाहेरून पाइप नवाकोरा दिसतो आणि आतली साल सुटून झडपेसारखी वाट अडवते. इंजेक्शनच्या प्रेशरला एसएई जे३० या पाइपांच्या मानकातला आर९ दर्जाचा पाइप लागतो, आर७ नव्हे. आणि टाकीत बुडवायचा पाइप आर१० दर्जाचाच हवा. बाहेरचा पाइप आत टाकला तर तो फुगून मऊ होतो.

इलेक्ट्रिक पंप असेल तर मल्टिमीटर काढा. जुन्या गाडीची बारीक वायर आणि इग्निशन स्विच छोट्या पंपासाठी ठीक होते. इंजेक्शनचा पंप मात्र सात-आठ अँपिअर किंवा त्याहून जास्त खातो. पंप चालू असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं पंपाच्या प्लसवर ठेवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर तेवढं वाटेतच हरवतंय. अर्थच्या बाजूला ०.२ व्होल्टच्या वर नको. पंप बंद ठेवून मोजलं तर करंटच वाहत नाही, म्हणून सगळं ठीक दिसतं आणि माणूस फसतो. उपाय साधा: बॅटरीपासून फ्यूजमधून जाड वायर रिलेच्या (छोट्या करंटवर मोठा करंट जोडणाऱ्या स्विचच्या) ३० नंबरच्या टोकावर, ८७ नंबरच्या टोकावरून पंपाला, आणि जुनी वायर फक्त रिलेच्या कॉइलला.

इंजेक्शन बसवलेल्या गाडीत दोन वेगळ्या व्याधी असतात. पहिली, आयडलिंगला प्रेशर जास्त आणि रेग्युलेटरचा स्क्रू फिरवूनही खाली येत नाही. पंपाने ढकललेलं जवळजवळ सगळं पेट्रोल तेव्हा रिटर्नच्या नळीने टाकीत परत जातं, आणि ६ मिलिमीटरची जुनी नळी ते पेलत नाही. रिटर्नचा पाइप काढून रुंद पाइपने कॅनमध्ये सोडा. प्रेशर उतरलं तर नळी मोठी करा. इंजिनच्या इनटेकमधून येणारी व्हॅक्यूमची नळी रेग्युलेटरला लावली की आयडलिंगला ४३ चं साधारण ३४ व्हायला हवं, कारण १८ इंच पाऱ्याचं व्हॅक्यूम म्हणजे सुमारे नऊ पीएसआय. नळी काढल्यावर फरकच पडत नसेल, तर रेग्युलेटरमधला डायफ्राम (पातळ पडदा) किंवा नळी तपासा. नळीत पेट्रोल सापडलं, तर डायफ्राम फाटलाच आहे.

दुसरी व्याधी वळणावरची. जुन्या टाकीत आडव्या भिंती नसतात, लांब वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. काटा धाडकन खाली येतो आणि सरळ रस्त्यावर परत वर जातो. हा पंपाचा दोष नाही, इथे सर्ज टाकी, म्हणजे पंपाला सतत पेट्रोल पुरवणारी छोटी जादा टाकी, लागते.

पंपाचं काम झालं की एक चाचणी मात्र चुकवू नका. इंजिन बंद पाडा, पण इग्निशन चालूच ठेवा. पंप दोन-तीन सेकंदांत गप्प झाला पाहिजे. गुणगुणत राहिला, तर अपघातात तुटलेल्या पाइपमधून तो पेट्रोल ओततच राहील. ऑइल प्रेशर स्विच किंवा इसीयूमधून (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकातून) रिले तोडण्याची सोय, आणि जोडीला धक्का बसताच वीज तोडणारा इनर्शिया स्विच, हे बसवल्याशिवाय गाडी परत द्यायची नाही.